न खोडलेल्या वह्या

५२ वजा २८ बरोबर ३६. तिसरीच्या वहीत असं उत्तर दिसलं की आपण लाल फुली मारतो आणि पान उलटतो. तीच वही शिक्षण परिषदेत सतरंजीवर मधोमध ठेवली, तर अर्धा तास तिच्यातच जातो.

जिल्हा परिषदेच्या जवळपासच्या दहाएक शाळांचं मिळून एक केंद्र. त्या केंद्रातले शिक्षक दर महिन्याला कुठल्यातरी एका शाळेत जमतात, ती शिक्षण परिषद. केंद्रप्रमुख, हजेरीपत्रक, चहा-पोहे हे सगळीकडे सारखंच. वह्या मात्र सगळीकडे येत नाहीत.

तर ३६ कुठून आले? एक सर म्हणतात, "पोरगं हातचा विसरलं." शेजारच्या बाईंना ते पटत नाही. "विसरलं नाही सर, त्याने आठातून दोन काढले." दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन काढायचे. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला पहिलीत आपणच सांगितलेलं. पोरगं नियमानेच चाललंय!

पाचवीतही तेच. दहाने गुणताना पुढे शून्य लावा, म्हणून २.५ गुणिले १० बरोबर २.५०. हा सोपा नियम दुसरी-तिसरीत चोख चालतो, दशांश अपूर्णांक आले की अंगाशी येतो. पण दुसरीच्या बाईंना पाचवीची वही एरवी दिसणार कधी? परिषदेत पेरणारे आणि कापणी करणारे एकाच सतरंजीवर बसतात, हा तिचा खरा फायदा.

काही घोटाळे तर आपल्या भाषेनेच घातलेले. 'पंचवीस' ऐकताना पाच आधी येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरं आणि उलटा क्रम ही कारणं सांगितली, पण विनोदांच्या गर्दीत ती कोण ऐकणार? कानडी, तेलुगूत दशक आधीच बोलतात. मला स्वतःला 'एकवीस'च गोड वाटतं. पण ५२ लिहिणाऱ्या मुलाला ढ म्हणायची माझी हिंमत होत नाही.

सर्वांत चिवट गैरसमज दशांशाचा. ०.३५ मोठे की ०.५? पस्तीस मोठे, म्हणून ०.३५. आपणही 'शून्य पूर्णांक पस्तीस' असंच वाचतो. 'तीन पाच' म्हणायला हवं. पैशांचं उदाहरण द्यावं, तर २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे होतात. त्यापेक्षा शंभर चौकटींचा कागद बरा. पाच उभ्या पट्ट्या रंगवल्या की पन्नास चौकटी भरतात, आणि पस्तीस चौकटी शेजारी ठेवल्या की वाद मिटतो. हा कागद घेऊन एकाने वर्गात शिकवावं, बाकीच्यांनी मागे बसून शिक्षकाकडे नव्हे, मुलांच्या पेन्सिलीकडे बघावं.

एवढं करायला वेळ लागतो, आणि तोच माहिती भरणं, पत्रकं, अ‍ॅप यांत जातो. पत्रकं काय, मोबाइलवर येतातच. पुढच्या परिषदेला प्रत्येकाने पाच वह्या आणाव्यात, लाल पेन न लागलेल्या.