टायर पॉलिश करताय? आधी हे वाचा

गणपतीला मुंबईहून लांज्यात आलेल्या गाडीचे टायर काळे राहतच नाहीत. महामार्ग सोडून वाडीच्या रस्त्याला लागलं की जांभ्याची लाल माती रबरावर चढते. धुतल्यावरही उरणारा तपकिरी रंग मात्र सगळा मातीचा नसतो. रबराला ओझोनपासून वाचवणारी रसायनं हळूहळू वर येतात आणि तपकिरी पडतात.

पॉलिश मुख्यतः दोन प्रकारचं. सॉल्व्हंटवालं झगझगीत दिसतं, पावसात जास्त टिकतं, पण चिकट राहतं. त्यावर धूळ बसते आणि चाक फिरलं की शिंतोडे थेट दरवाजावर! पाण्यावर आधारित, दुधासारखं दिसणारं पॉलिश लवकर उतरतं, पण धूळ कमी धरतं. कोकणातल्या मातीत हेच बरं.

टायर ब्रशने घासून पूर्ण वाळवा, ओल्या रबरावर पॉलिश धरत नाही. स्पंजने पातळ थर द्या आणि थोड्या वेळाने जास्तीचं पुसून घ्या. लावायचं फक्त बाजूला. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर लागलं तर पकड सुटते. दुचाकीला तर नकोच, वळणावर ती टायरच्या कडेवरच झुकते.

जुनी गाडी घेताना चकाकत्या टायरला भुलू नका. बाजूवरचा चार आकडी कोड बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली असेल तर टायर बदलायचाच. आणि बारीक तडे शोधायचे तर आधी ते पॉलिश धुऊन काढायला सांगा.