कुलूप लागलं, पण उघडतं का?

३१ जानेवारी २०१७. सॉफ्टवेअरचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधायला गेले, तर साठा रिकामा! बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती. तो अडून बसत होता आणि तसं कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

आपल्या लॅपटॉपवर बॅकअप घेणाऱ्या शेल स्क्रिप्टही, म्हणजे एकामागोमाग चालणाऱ्या आज्ञांच्या याद्याही, अशाच गुपचूप फसतात. काम तसं साधं. 'टार' फायलींचं गाठोडं बांधतो, 'जीझिप' ते दाबून लहान करतो, 'जीपीजी' त्याला कुलूप घालतो, म्हणजे कूटबद्ध करतो. क्रम मात्र हाच हवा. कूटबद्ध झालेल्या मजकुरात पुनरावृत्ती उरत नाही, त्यामुळे तो नंतर दाबला जात नाही.

आता फोल्डरचं नाव 'आईचे फोटो' असं आहे असं समजा. स्क्रिप्टमध्ये फोल्डरच्या नावाच्या व्हेरिएबलला अवतरणचिन्हं घातली नाहीत, तर शेल त्याची 'आईचे' आणि 'फोटो' अशी दोन नावं करतो. टारला दोन्ही सापडत नाहीत आणि तो तक्रार करतो. पण पाइपने जोडलेल्या आज्ञांमध्ये निकाल धरला जातो तो शेवटच्या आज्ञेचा. जीपीजी रिकाम्या गाठोड्याला इमानेइतबारे कुलूप घालतो आणि स्क्रिप्ट म्हणते, काम फत्ते. यावर उपाय दोन: नावांना अवतरणचिन्हं आणि बॅश शेलमध्ये सुरुवातीलाच 'पाइपफेल' हा पर्याय, म्हणजे मधली आज्ञा फसली तरी निकाल 'फसलं' असाच येतो. 'शेलचेक' हे मोफत साधन अशी सुटलेली अवतरणचिन्हं नेमकी दाखवतं.

बरं, स्क्रिप्ट बिनचूक असली तरी तिच्याखालची जमीन हलते. २०१६ साली ओपनएसएसएल या कुलूप घालणाऱ्या दुसऱ्या साधनाच्या १.१.० आवृत्तीत पासवर्डपासून किल्ली बनवण्याची ठरलेली पद्धत एमडी५वरून एसएचए-२५६वर गेली. पद्धत न सांगता बंद केलेल्या जुन्या फायली मग बरोबर पासवर्ड देऊनही उघडेनात. जुनी पद्धत आज्ञेत स्पष्ट लिहिली, तेव्हा कुठे उघडल्या. म्हणून कोणती पद्धत, कोणती आवृत्ती, हे स्क्रिप्टमध्येच नोंदवावं. पासवर्ड मात्र स्क्रिप्टमध्ये नको. तो कागदावर, कपाटात. विसरलात तर जीपीजीकडे मागचं दार नाही.

तेव्हा आज एवढंच करा: दोन वर्षांपूर्वीची एक कुलूपबंद फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.