न विचारलेला प्रश्न

माझे वडील शेवटची काही वर्षं रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत. ‘वय झालं की व्हायचंच,’ एवढंच म्हणत. ते गेल्यावर धोतरांच्या घड्यांखाली जुन्या कापडाच्या पट्ट्या सापडल्या. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतो आहे.

१९९२ मध्ये अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनची सात प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. रुग्णाने ती स्वतःच भरायची. गेल्या महिन्यात लघवी पुरती झाली नाही असं वाटलं का? वारंवार जावं लागलं, धार मध्येच तुटली, बारीक झाली, कुंथावं लागलं, धीर धरवला नाही, असं कितीदा झालं? रात्री किती वेळा उठलात? प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. पुढे आंतरराष्ट्रीय आवृत्तीत आठवा प्रश्न आला : उरलेलं आयुष्य असंच गेलं तर कसं वाटेल?

मीही ती भरली. पण लघवी कपड्यात गळते का, हे त्यात कुठेच नाही. प्रश्नावली मुळात प्रोस्टेटच्या वाढीचा त्रास मोजण्यासाठी केलेली. गळतीसाठी वेगळी प्रश्नावली आहे : किती वेळा, किती प्रमाणात, रोजच्या जगण्यात किती आड येते, एकूण गुण २१.

गुण म्हणजे निदान नव्हे. कारण प्रोस्टेट असेल, मधुमेह असेल, एखादं औषधही असेल. ते डॉक्टरांनीच तपासून ठरवायचं. पण जे तोंडाने सांगवत नाही, ते कागदावर खूण करून सांगता येतं. मात्र तो प्रश्न कागदावर असावा लागतो. आमच्या घरात तो कुणीच विचारला नाही, मीही नाही.