लग्नमांडवातील रानफुले : भिवंडी परिसराचे दुर्लक्षित धन

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची घरघर आणि महामार्गालगतची गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु या तालुक्याला दुसरीही एक बाजू आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या दिशेने निघाले की भाताची खाचरे, त्यांचे बांध, पळसाची झाडे आणि साग-ऐनाचे रान लागते. याच रानात व बांधांवर असे फुलधन आहे की, ज्याचा उपयोग लग्नसमारंभाच्या सजावटीत उत्तम प्रकारे होऊ शकतो. मात्र तो जाणतेपणाने झाला पाहिजे. अन्यथा हौसेपायी रान ओरबाडले जाण्याचा धोका आहे.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला प्रारंभ होतो. आज मांडवाची बहुतेक फुले बाहेरून येतात. झेंडू, शेवंती व निशिगंध घाटावरून येतात, जरबेरा व कार्नेशन हरितगृहांतून, तर जांभळे ऑर्किड थेट थायलंडहून विमानाने. दादर आणि कल्याण येथील फूलबाजार हे या मालाचे मोठे ठिकाण. सगळीकडे तीच फुले दिसू लागल्याने ‘काही वेगळे करा’ अशी मागणी सजावटकारांकडे होऊ लागली आहे. हे वेगळे शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

परंपरेतील वनस्पती

लग्नात रानातील वनस्पती आणणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. देवकप्रतिष्ठेचा विधी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कोणाचे देवक कळंब, कोणाचे कमळ, कोणाचे वेळू, रुई किंवा हळद, तर कोणाचे पंचपल्लव असते. आंबा, वड, पिंपळ, उंबर व पायर यांची पाने पंचपल्लवात येतात. ज्या कुळाचे जे देवक, त्या झाडाला त्या कुळाने इजा करू नये, असा संकेत आहे. ठाणे जिल्ह्यातील आगरी समाजात धवलारीण धवले गाऊन लग्नविधी पुढे नेते आणि मांडवात उंबराच्या डहाळीला मान असतो. वराचे पारंपरिक बाशिंग भेंडाचे, म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीच्या हलक्या, पांढऱ्या गाभ्याचे करीत. बंगालमध्ये वराचा मुकुट आजही याच गाभ्याचा असतो.

तात्पर्य, वनस्पती मांडवात आणायची आणि तिची मर्यादाही पाळायची, या दोन्ही गोष्टी परंपरेने एकत्र सांगितल्या आहेत. आजच्या सजावटकाराने यांतील दुसरी गोष्ट विसरता कामा नये.

ऋतूनुसार निवड

कार्तिक-मार्गशीर्षात बांधांवर व पडीक शेतांत कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे तण. परंतु हे तुरे वाळल्यावरही आपला आकार टिकवून ठेवतात. त्यांच्या जोडीला भाताच्या लोंब्या घेतल्या की सुंदर तोरण होते. लोंब्यांचे तोरण दाराला बांधण्याची रीत कोकणात पूर्वापार आहेच.

माघ-फाल्गुनात पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. या तिन्ही झाडांची फुले आपोआप खाली गळतात. पहाटे झाडाखाली पडलेली ताजी फुले वेचून रांगोळी व आरास करता येते. त्यासाठी फांदी तोडण्याचे कारण पडत नाही. झाडावरील फुलांतील मधुरसावर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी असे अनेक पक्षी जगतात, हे ध्यानात ठेवावे.

चैत्र-वैशाख हा लग्नांचा खरा हंगाम. नेमक्या याच काळात बहाव्याची सोनेरी झुंबरे, कुड्याचे पांढरे गुच्छ आणि तामणाचे जांभळे तुरे फुलतात. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प होय. बहावा केरळात विषू या सणाच्या पूजेत आवर्जून ठेवतात. सुगंधासाठी वसईचा सोनचाफा आणि जव्हार-विक्रमगडचा मोगरा जवळच मिळतो. याखेरीज मुरुडशेंगेच्या पिळदार शेंगा, टेटूच्या तलवारीसारख्या शेंगा आणि बहाव्याच्या लांब शेंगा वाळलेल्या स्थितीत वर्षभर उपयोगी पडतात.

हाताळणीचे तंत्र

रानफुले बाजारी फुलांइतकी टिकाऊ नसतात. त्यामुळे तोडणीची वेळ महत्त्वाची ठरते. उन्हे चढण्यापूर्वी, धारदार कोयतीने तिरका छेद देऊन देठ कापावा व लगेच पाण्यात ठेवावा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. बहाव्याचे झुंबर देठाकडून टोकाकडे उमलत जाते. म्हणून वरच्या कळ्या उमललेल्या व टोकाच्या मिटलेल्या असतानाच ते तोडावे. पूर्ण उमललेल्या झुंबराच्या पाकळ्या मांडवात पोहोचण्यापूर्वीच गळतात. वाहतुकीसाठी ओल्या सुती चिंध्या व केळीची पाने वापरावीत. यंत्रमागांच्या गावात चिंध्यांना तोटा नाही.

फुले खोचण्यासाठी वापरला जाणारा हिरवा फेस हा प्लॅस्टिकचाच प्रकार आहे. तो कुजत नाही, त्याचा केवळ चुरा होतो आणि तो चुरा अखेर नाल्यातून नदीत जातो. त्याऐवजी केळीच्या बुंध्याचे तुकडे वापरता येतात. त्यांत ओलावा टिकतो आणि समारंभानंतर त्यांचे खत होते. सजावटीसाठी प्लॅस्टिक व थर्मोकोल वापरण्यावर राज्य शासनाने २०१८ मध्ये बंदी घातली, याचे स्मरणही येथे उचित ठरेल.

काय टाळावे

काही वनस्पती दिसण्यात देखण्या असल्या तरी विषारी असतात. कण्हेर, बिट्टी, धोतरा, कळलावी व गुंजेच्या बिया पंगतीच्या किंवा लहान मुलांच्या आसपास ठेवू नयेत. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असतो.

दुसरे पथ्य दुर्मीळतेचे. सीतेचा अशोक आता रानात क्वचित आढळतो. त्याची फुले लावलेल्या झाडांचीच घ्यावीत. झाडांवर वाढणारे, सीतेची वेणी या नावाने ओळखले जाणारे ऑर्किड मृगाच्या सुमारास फुलते. आसामात बिहूच्या वेळी स्त्रिया ते केसांत माळतात. आपल्याकडे मात्र ते मुळासकट ओरबाडण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्याची वाढ अतिशय मंद असते. शेजारच्या शहापूर-वाडा भागातील तानसा अभयारण्यातून तर काहीही तोडून आणता येणार नाही.

हक्क आणि मोबदला

ही फुले गोळा करण्याचे ज्ञान प्रामुख्याने वारली, कातकरी व मल्हार कोळी कुटुंबांतील स्त्रियांकडे आहे. कोणते झाड कोठे आहे आणि कधी फुलते, हे त्यांना अचूक ठाऊक असते. रस्त्याकडेला जुडी विकताना मात्र या ज्ञानाचे मोल त्यांना मिळत नाही. तीच जुडी मांडवात लागली की तिची किंमत कितीतरी पटींनी वाढते आणि ती वाढ मधल्या हातांत राहते.

कायद्याचा आधार येथे उपलब्ध आहे. पूर्वापार गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावरील मालकीचा, ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनहक्क कायदा, २००६ ने मान्य केला आहे. भिवंडी तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी एकत्र येऊन गुळवेल गोळा केली व वनधन योजनेच्या साहाय्याने तिचा व्यवसाय उभा केला. फुलांच्या बाबतीतही हा मार्ग चोखाळता येईल. महिला बचत गटाने सजावटकाराकडून आगाऊ मागणी घ्यावी, भाव आधी ठरवावा आणि मागणीपुरतीच तोडणी करावी. यामुळे नासाडी टळते व बाईच्या हाती रोख पैसा पडतो.

ग्रामपंचायतीचे काम

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. या नोंदवहीत गावातील बहावे, तामण, कळंब व उंबर यांची संख्या, जागा आणि फुलण्याचा काळ नोंदवला, तर किती तोडणी झेपेल हे ग्रामसभा ठरवू शकेल. एका झाडावरील थोडीच झुंबरे काढावीत, शेंगा धरण्यासाठी बाकीची ठेवावीत, असा साधा नियमही पुरेसा आहे. शेंगा उरल्या तरच पुढची रोपे होतील.

ही नोंद शाळेतील मुलांकडून करून घेता येईल. शिक्षकांनी मुलांना शिवारात नेऊन, आजीला विचारून, झाडांची स्थानिक नावे लिहून घ्यायला लावावीत. बांध मोडून गोदामे उभी राहत असताना ही नोंद जितक्या लवकर होईल तितकी बरी. जे झाड कोणाच्या वहीत नाही, त्याच्या जाण्याची दखलही कोणी घेत नाही.

उंबराची डहाळी आणण्यासाठी गावात उंबर उरला पाहिजे. ज्या घरी लग्न, त्या घराने उंबराचे, बहाव्याचे किंवा आपल्या देवकाचे एक रोप लावून जगवावे, असा ठराव ग्रामसभांनी केल्यास मांडवाची शोभा आणि गावाचे रान ही दोन्ही सांभाळली जातील.