विचारशैली म्हणजे हुशारी नव्हे

विचारशैली (माहिती घेण्याची, जुळवण्याची आणि निर्णयापर्यंत पोचण्याची सवयीची पद्धत) आणि बुद्धिमत्ता यांची पुष्कळदा गल्लत होते. बुद्धिमत्ता म्हणजे काय जमते. शैली म्हणजे ते कसे करायला आवडते.

साताऱ्याहून सांगलीला कोणी कराड, पेठ नाका, आष्टा असे मोटारीने जातो, तर कोणी रेल्वेने. दोघेही पोचतात, वाटेवरून प्रवाशाची पात्रता ठरत नाही.

सांगलीच्या हळद बाजारात एक खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि अनुभवावर लगेच बोली लावतो. दुसरा आधी आवक आणि मागचे भाव ताडून पाहतो. पहिला झटपट सौद्यात सरस ठरतो, दुसरा साठवणुकीच्या हिशेबात. म्हणजे शैलीचा फायदा कामागणिक बदलतो.

शिकण्याच्या शैलीबद्दलही ‘आमची मुलगी बघूनच शिकते, ऐकून नाही,’ हा समज सर्वत्र आढळतो. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, हे खरेच. पण 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा आवडत्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते, याला पुरेसा पुरावा आढळला नाही. पद्धत विषयाप्रमाणे निवडावी: नकाशा बघून, उच्चार ऐकून, कलम बांधणे हाताने करून. 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतही पुस्तक आणि श्रम एकाच विद्यार्थ्यासाठी होते.

शैली बदलता येते, सरावाने दुसरीही अंगवळणी पडते. म्हणून मुलावर एकाच शैलीचा शिक्का मारू नये.