आधी पाण्याची वाट, मग रोप



ऊस विकासाच्या पानावर खाडीतल्या झाडांचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. मीठ फुटून पडीक पडत चाललेल्या आपल्या जमिनींबद्दल हे झाड बरेच काही सांगून जाते.

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव वडखळजवळ, धरमतरच्या खाडीच्या अंगाला आहे. आज ते पोलादाच्या कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण या खाडीचे मूळचे रान म्हणजे कांदळवन, आणि त्यातले मुख्य झाड तिवर. भरतीचे खारे पाणी अंगावर घेऊन तिवर जगते. जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर काढून हवा घेते. त्याचे बी झाडावरच रुजू लागते, गळाल्यावर भरतीबरोबर तरंगत जाते आणि मऊ चिखल मिळाला की पाय रोवते. काठाची माती धरून ठेवणे, उधाणाचा जोर मोडणे, मासळी-कोळंबीच्या पिलांना आसरा देणे ही कामे ते फुकट करते.

जळणासाठी तोड झाली, भराव पडले, रस्ते झाले, तशी ही राने ठिकठिकाणी मागे हटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवन तोडण्यास व त्यात भराव टाकण्यास मनाई केली. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात कांदळवन कक्ष निघाला. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. वनसर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातले कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर दाखवले आहे.

आता गेलेले रान परत आणायचे कसे? पुष्कळांना वाटते, रोपवाटिका काढा, रोपे लावा, झाले काम. पण बघा, फिलिपाइन्स देशात अनेक किनाऱ्यांवर अशी रोपे लावली गेली आणि मोठ्या प्रमाणात मेली. कारण? खोलगट चिखलात लावलेली रोपे फार वेळ पाण्याखाली राहिली, आणि जागेला न मानवणारी जात लावली गेली. उलट, जिथे भरावाखाली मोरी घालून किंवा जुनी नाळ मोकळी करून भरती-ओहोटी पूर्वीसारखी खेळू दिली, तिथे जवळपास मोठी झाडे असली तर बी आपोआप येऊन रान उभे राहते. पाणी आले पाहिजे आणि गेलेही पाहिजे. आलेच नाही तर ऊन जमिनीत मीठ साठवते. गेलेच नाही तर मुळे गुदमरतात.

प्रत्येक झाडाचे दुखणे असेच असते असे नाही. अमेरिकेत चेस्टनट नावाचा मोठा फळवृक्ष होता. परदेशातून आलेल्या बुरशीचा रोग १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये दिसला आणि पन्नासेक वर्षांत सुमारे चारशे कोटी झाडे गेली. तिथे जागा ठीक आहे, झाडच रोगाला बळी पडते. म्हणून चिनी चेस्टनटशी संकर करून काटक झाड तयार करण्याची खटपट चालू आहे. आपल्या उसाचेही तसेच. कोइमतूरला १९१२ साली निघालेल्या ऊस पैदास केंद्राने जंगली उसाशी संकर करून को २०५ सारखे वाण दिले. सांगायचे एवढेच, की आधी दुखणे ओळखावे, मग औषध.

तिवराचे दुखणे पाण्याच्या वाटेत आहे याचा दाखला पेण-अलिबागकडे, थोडा कडू, पाहायला मिळतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, उघाड्या ठेवून खारजमिनीत भात पिकला. जिथे बांधाला खांडी पडल्या आणि वेळेवर बुजल्या नाहीत, तिथे भरतीचे पाणी शेतात शिरले आणि तिवर उगवला. कुणी लावला नाही. कायद्याने तो आता तोडताही येत नाही. खाडीला रान मिळाले, पण शेतकऱ्याचे भात गेले. म्हणून कांदळवन वाढवताना बांधाच्या बाहेरची जागा त्याची, आतली भाताची, ही हद्द राखणे तितकेच जरुरीचे आहे. बांध एकट्याने राखता येत नाही. ते गावाचे काम.

आता आपल्या शिवाराकडे या. आपल्याकडे समुद्र नाही, तरी जमिनीवर पांढरे फुटते. पाटाचे पाणी भरपूर दिले, निचऱ्याचे नाले बुजले, पाणी वर आले आणि मीठ घेऊन आले. अशा रानात नवे बेणे, जादा खत, नुसते जिप्सम म्हणजे खोल चिखलात तिवर लावण्यासारखेच. चोपण जमिनीला जिप्सम लागते हे खरे, पण सुटलेला क्षार वाहून जायला वाट हवी ना! शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या क्षेत्रात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप घातले ते याचसाठी. एकाचा चर दुसऱ्याच्या बांधावर अडला तर दोघांचेही रान जाते.

तेव्हा ऊस तुटून गेला की, खोडवा राखण्याचे ठरवण्याआधी, रानात तीन-चार फूट खड्डा घेऊन पाणी किती खाली आहे ते पाहा. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फुटातली माती वेगवेगळी घेऊन तपासा. शेजारच्यांना बरोबर घ्या आणि नाला कुठे बुजला आहे ते आमच्या गट कार्यालयात कळवा. बेण्याचे मग बोलू.