लेथवरचा तिसरा आधार

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर लिहायला संपादकांनी पाठवलं होतं. या कलेचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे: संस्थानिकांचा आश्रय, चितारी कुटुंबं, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, मग उतरती कळा आणि १९७०च्या दशकात राजघराण्यातले शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करून दिलेली नवी उभारी. मी मात्र रमलो ते एका कातकाम करणाऱ्या काकांच्या लेथवर बसवलेल्या प्लायवूडच्या कड्यापाशी. विकत न घेता त्यांनी ते स्वतः बनवलं आहे. त्याला ते ‘स्टेडी’ म्हणतात.

लाकडी आंबा किंवा भोवरा कातायला दोन टोकांचा आधार पुरतो. देव्हाऱ्याचा तीन फुटी, इंचभर जाडीचा खांब कातताना तो पुरत नाही. पटाशी टेकली की मधला भाग मागे आणि वर सरकतो, परत येतो, पुन्हा सरकतो. लाकूड थरथरतं आणि अंगावर पिळासारखे वळ उठतात. त्यामागचा हिशेब कठोर आहे. लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाने वाक आठपट होतो. जाडी निम्मी केली, तर सोळापट. पूर्वी कारागीर डाव्या हाताची बोटं लाकडामागे धरून हा वाक सावरत. बोटं भाजत, आणि पटाशीला एकच हात उरे.

काकांचं कडं १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचं आहे. त्याचा मध्य त्यांनी टेपने मोजला नाही. फळी लेथच्या बेडवर उभी केली, टेलस्टॉकचं, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाचं, अणकुचीदार टोक तिच्यात रुतवलं आणि उमटलेल्या खुणेभोवती वर्तुळ आखलं. यंत्राच्या मध्याचं माप यंत्राकडूनच घेतलं. समोरची बाजू कापून टाकली, म्हणून खांब न काढताही कडं मागून सरकवता येतं. आत सारख्या अंतरावर तीन दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला रोलर स्केटचं चाक, चाकात आठ मिलिमीटर भोकाचं बेअरिंग. दांड्यांना लांब खाचा आहेत. नट सैल करून त्या पुढेमागे होतात. ‘चाक लाकडाला लागलं पाहिजे, दाबलं नाही पाहिजे,’ काका म्हणाले. हाताने खांब फिरवून ते प्रत्येक चाक नुसतं गरगरू लागेपर्यंत पुढे आणतात, तिथेच नट आवळतात. हे सगळं मोटर बंद ठेवूनच.

एवढं साधल्यावर काम सोपं व्हावं. पण इथूनच अडचणी सुरू होतात. चाकं गोल लाकडावरच चालतात, आणि चौकोनी दांडक्याचा मध्य गोल करायचा तो आधाराशिवाय. तेवढी बोटभर पट्टी हलक्या हाताने, कमी वेगात काढावी लागते. ती किंचित लंबगोल राहिली, तर तेच हेलकावे स्टेडी पूर्ण खांबाला देते. कोकणच्या दमट हवेत तर सकाळी गोल असलेलं ओलसर लाकूड उन्हं तापल्यावर तसंच राहील याची खात्री नाही, कारण आटताना ते सगळीकडून सारखं आटत नाही. चाक जास्त आवळलं, तर खांब बाकदार कातला जातो आणि चाक सैल केल्यावरच ते कळतं. टेलस्टॉक जास्त घट्ट केला तरी खांब कमानीसारखा वाकतो. चाकांखालचे तंतू दबून चकाकतात. तो पट्टा घासून काढला नाही, तर रंगातून दिसतो.

शेवटची अडचण लाखेची. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पसरते. त्या मऊ लाखेवर चाक ठेवता येत नाही, बोटंही नाहीत. म्हणून दोन्ही बाजू आधी रंगवायच्या, चाकांखालचा पट्टा कोरा ठेवायचा, मग स्टेडी काढून तो भरायचा. खांब सगळ्यात बारीक झालेला, कांडीचा दाब नेमका मध्यावर, आणि आधार काढलेला. तिथे वेग कमी ठेवणं आणि हात हलका ठेवणं, एवढंच कारागिराच्या हाती उरतं. चांगली स्टेडी कुणालाही आठवडाभरात बनवता येईल. हा हलका हात शिकायला वर्षं जातात. कातीव खांब विकत घेताना रंग पाहाल तेव्हा मधल्या पट्ट्यावरून बोट फिरवा. तिथे सांधा लागला नाही, तर मागतील ती किंमत द्या.